गडावरचं पाणी

आज माळा आवरताना आईची चुंबळ हाताला लागली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. डोळखांबकडे आमच्या पाड्यामागच्या गडावर एकदा व्याख्यान होतं. गड जिंकणारा राजा आमची सुटका करणारा की जुलमी, यावरून दोन पाहुणे तावातावाने भांडत होते. त्यांच्यासाठी भर उन्हात आईने डोक्यावर हीच चुंबळ ठेवून पाण्याचे हंडे वर नेले होते आणि घसा सुकला की दोघंही तेच पाणी पीत होते. शेवटी आई उठली, "त्या राजाला पानी कोन वर नेत व्हतं, तेवढं सांगा ना." संयोजक खेकसला, "बाई, मधे बोलू नका, तांब्या भरा." परवा त्याच माणसाने मला त्याच गडावर भाषणाला बोलावलं. मी विचारलं, "पाणी वर कोण नेणार?" तो हसून म्हणाला, "आहेत की पाड्यावरच्या बाया!"