मंजू थांबायची
मंजूला काही विचारलं की ती गप्प व्हायची. "चहा घेतेस का?" एवढंच विचारलं तरी नजर भिंतीवर. आपला चहा पिऊन कप मोरीत गेला की उत्तर यायचं, "हाव, अर्धा." नातेवाइकांनी तिला मंद ठरवून टाकलं होतं. मला मात्र तिच्याशी गप्पा मारायला आवडायचं. मधल्या वेळात माझे दोन किस्से सांगून व्हायचे, टोकायला कुणी नसायचं.

ही माझी चुलतबहीण. लग्न केलं नाही. नांदेडला वडिलांजवळ, म्हणजे आमच्या नानाकाकांजवळ राहायची आणि घरूनच पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. फोन भरला की गुड मॉर्निंगची फुलं पुसायची, एवढंच माझं मेमरीविषयीचं शिक्षण. तरी तिनं मला समजावलं होतं. एकच माहिती गावोगावचे सर्व्हर मिळून सांभाळतात. एखाद्याच्या मेमरीत कचरा साठला की तो सगळं काम थांबवून झाडून घेतो. तेवढा वेळ तो कुणाला ओ देत नाही. मग बाकीचे त्याला मेला समजतात आणि त्याचं काम वाटून घेतात.

"मग मेमरी भरपूर द्यावी की!" मी म्हणालो.

आधी भिंत. मग म्हणाली, "घर मोठं केलं की झाडायलाबी वेळ लागतो, अण्णा. बेताची द्यायची. अन् बाकीच्यांना सांगून ठेवायचं, जरा वाट बघा रे, जिता हाय तो."

नानाकाकांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मंजूच भरवायची, पुसायची. एक दिवस तिचा थोरला भाऊ दिलीप वहिनींसह लातूरहून गाडी घेऊनच आला. त्याचा तिथं डाळीचा व्यापार. "बाप लेकीच्या जिवावर पडलाय म्हणून बाजारात लोक मला विचारून राहिले," तो म्हणाला. "मी नानांना नेतो. तुझं काय म्हणणं?"

नानाकाकांनी चांगल्या हातानं मंजूची ओढणी धरली होती. मंजू गप्प झाली.

दिलीपनं चपला घालेपर्यंत वाट पाहिली. "बोलत न्हाई म्हणजे हाव समजा," म्हणत वहिनींनी औषधं पिशवीत भरली. ओढणी सोडवताना त्यांना नानाकाकांचं एकेक बोट उलगडावं लागलं.

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मंजू म्हणाली, "न्हाई. नाना इथंच राहतील." ऐकायला मी एकटा. मी लगेच फोन लावला.

"आता? सगळं ठरल्यावर?" दिलीप म्हणाला.

दिवाळीआधीच नानाकाका लातूरला वारले.

आता मंजू थांबत नाही. "चहा?" हाव. "जेवलीस?" हाव. "वर्षश्राद्धाला येतेस लातूरला?" हाव. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. चहा मात्र समोर तसाच गार होतो.

परवा दिलीपचा फोन आला. "मंजू लई सुधारली बघ, अण्णा. हाय ना?"

काय बोलावं ते मला लगेच सुचेना. सुचलं, तोवर त्यानं फोन ठेवला होता.