जिबूतीची माणसं

नंदाखालजवळच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. आफ्रिकेच्या नकाशात पूर्व किनाऱ्यावरचा जिबूती देश नखाएवढा दिसतो. मी वर्गात सांगायचो, मूर्ती लहान, पण जागा मोक्याची. लाल समुद्राच्या तोंडाशी बसलाय. शेती नाही, गोड पाणी नाही. शेजारच्या मोठ्या देशाचा माल आपल्या बंदरातून सोडायचा, परदेशी फौजांना तळासाठी जमीन भाड्याने द्यायची आणि बसून खायचं. आपल्याकडे केळीची वाडी बिल्डरला देऊन गाळ्यांच्या भाड्यावर जगतात ना, तसं. वर्ग हसायचा. माझी जीभ तिखट, आणि तिचा मला अभिमान होता.

मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता. लाल समुद्राच्या त्याच तोंडाशी जहाजावर हल्ला झाला, आग लागली. कंपनीच्या माणसाने फोनवर एवढंच सांगितलं की काही खलाशांना जिबूतीला उतरवलंय, नावं अजून कळलेली नाहीत.

संध्याकाळी घरातल्या क्रुसाखालच्या आल्तारासमोर माळ घेऊन रोजरीला बसलो. आमच्या घरी रोजरी बायको चालवते, मी मागून म्हणतो. शेवटी प्रवासातल्यांसाठी एक ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना असते. तिथे ती अडखळली आणि माझ्याकडे वळली.

“तुम्ही भूगोल शिकवलात ना? तिथली माणसं कशी आहेत?”

मी उन्हाळा सांगितला, समुद्रसपाटीच्या खालचं खारं सरोवर सांगितलं, बंदर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“ते नाही विचारलं मी.”

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुलाचाच फोन आला. तो वाचला होता. त्याच्या केबिनमधला सोबती गेला होता.

महिन्याभराने तो घरी आला तेव्हा त्याच्या पायात टाचा झिजलेल्या, एक पट्टा तारेने बांधलेल्या चपला होत्या. जिबूतीच्या धक्क्यावर तो अनवाणी उतरला, फरशी तव्यासारखी तापलेली. एका हमालाने आपल्या पायातल्या चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या आणि तसाच कामाला निघून गेला. नाव विचारायचं राहून गेलं, असं मुलगा दोनदा म्हणाला.

बायकोने त्या चपला धुऊन आल्ताराखाली ठेवल्या. एरवी मी नक्की काहीतरी तिखट बोललो असतो. त्या संध्याकाळी गेलेल्या सोबत्यासाठी तिने ‘आमच्या बापा’ म्हटला आणि ती थांबली. पुढचा मी सुरू केला. हमालाचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून अख्ख्या जिबूतीसाठी म्हटला.