कुंपणाची बंदूक आणि पट्टीची बंदूक

किस्से सगळ्याच घरांत घडतात. पण ते सांगायला माणूस असलं तर सांगून संपतात. आमच्या घरी बोलायची पद्धत नाही, त्यामुळे लग्न होऊन भिवंडीला आल्यापासून माझ्याकडे ते साचत गेले. घरामागेच सासऱ्यांचा लाकडाचा कारखाना. शेजारी पॉवरलूम. तिथली खटखट इतकी, की आपण मनातल्या मनात बोललो तरी दोनदा बोलावं लागतं.

कारखान्यात कामं दोन. दारं-खिडक्यांच्या चौकटींना पट्ट्या मारायच्या, ते घरीच होतं. आणि अकलोली-वज्रेश्वरीकडे शहरातल्या लोकांनी बंगले बांधलेत, त्यांना लाकडी कुंपण घालून द्यायचं. कुंपणाचं काम निघालं की आमचे हे पंधरा-पंधरा दिवस तिकडेच मुक्कामाला. घरी मी आणि सासूबाई. त्या माझ्यापेक्षाही कमी बोलतात.

* * *

एकदा जेवताना हे सासऱ्यांना म्हणाले, "दादा, खिळे मारायची बंदूक घेऊ या. हवेवर चालते. पंधरा दिवसांचं कुंपण आठवड्यात उभं राहील."

सासऱ्यांनी घास थांबवला. "हवेसाठी काय लागंल?"

"कंप्रेसर."

"आन् त्याला?"

"लाइट."

"हातोडीला कधी लाइट लागली न्हाय," सासरे म्हणाले.

मी मात्र 'आठवड्यात' या शब्दापाशीच थांबले होते. यांच्या ताटात न मागता तिसरी भाकरी वाढून बसले.

* * *

बंदूक बघायला कल्याण रोडच्या दुकानात हे मलाही घेऊन गेले. लग्नानंतर आम्ही दोघंच बाहेर पडलो ते हार्डवेअरच्या दुकानात. नटून गेले होते मी.

दुकानदाराने काउंटरवर दोन बंदुका ठेवल्या. एक दणकट, बोटाएवढे लांब खिळे मारणारी, कुंपणासाठी. दुसरी लहान, सुईसारख्या पिना मारणारी, पट्टीसाठी. मोठीने पट्टी फुटते, लहानीने कुंपण धरत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग लहान बंदूक माझ्या हातात देऊन म्हणाला, "देखो भाभी, कितनी हलकी है. खिलौना."

यांनी सहज विचारलं, "तुला कुठली वाटते?"

"मोठी."

"का गं? पट्टीचं काम तर रोजचं असतं आपल्याकडे."

पट्टीचं काम घरी असतं आणि कुंपणाचं बाहेर, एवढंच माझं कारण होतं. ते दुकानदारासमोर कसं सांगणार? मी म्हटलं, "रंग चांगला आहे."

आम्ही लहान बंदूक घेऊन आलो. सासऱ्यांचा निरोपच तसा होता: एकच घ्या, स्वस्त असेल ती, दोन्ही कामं तिच्यावरच करा.

* * *

त्या पिनांनी अकलोलीचं एक कुंपण खरोखरच आठवड्यात उभं राहिलं. हे घरी आले. मी कोलंबी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या मालकांचा फोन. ठाण्याचे वकील, बोलणं मोजकं.

"तुमचं कुंपण आडवं झालंय."

"वारा होता का साहेब?"

"नाही. एक म्हैस पाठ घासायला टेकली. ती उभी आहे अजून."

आमचे रामआसरे मिस्त्री सासऱ्यांपुढे एक पिन धरून म्हणाले, "दादा, ये फोटो टांगने का है. भैंस रोकने का नहीं."

सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन यांचे कपडे पुन्हा पिशवीत भरले.

* * *

त्यानंतर मोठी बंदूक आली. पण वज्रेश्वरीच्या कामावर लाइट सकाळी जायची ती दुपार कलल्यावर यायची. बाजूच्या बंगल्यातून यांचा फोन आला.

"लाइट नाही."

"मग काय करताय?"

"बसलोय."

बसायचंच तर इथे येऊन बसा, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "जेवलात का?"

* * *

पुढे भाड्याचा जनरेटर मिळाला आणि बंदुकीने शब्द पाळला. कुंपण अर्ध्या वेळात संपलं. हे दारात उभे, खुशीत. मला वाटलं, आता महिन्यातले निम्मे दिवस तरी आपले.

चप्पल काढता काढता म्हणाले, "दादा, आता महिन्याला दोन कुंपणं घेता येतील."

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. सासूबाईंनी या वर्षी ती मला मांडायला लावली. करवत, रंधे, हातोड्या, आणि मधोमध झेंडूची माळ घालून दोन्ही बंदुका. पूजा हलेपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. आणि जिने मांडली तिनेच दसऱ्याला सकाळी, आंघोळ करून, हळदकुंकू वाहून ती हलवायची. असा या घरचा रिवाज.

दसऱ्याला उजाडतानाच टेम्पो दारात. वज्रेश्वरीला नवीन कुंपण, दिवाळीआधी हवं होतं. यांची पिशवी भरलेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी न्हाऊन पूजेसमोर उभी होते, ओल्या केसांचं पाणी पाठीवरून खाली टपकत होतं. हळदकुंकवाची कोयरी हातात, पण हात काही पुढे होईना.

सासरे दारातून म्हणाले, "हलवली काय गं पोरी?"

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. त्यांनी पूजेकडे पाहिलं, माझ्या केसांकडे पाहिलं, खाली साचलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"तिची आंघोळ व्हायचीय अजून," त्या म्हणाल्या.

सासरे माझ्याकडे बघत राहिले. "अगं, केसांतून पानी गळतंय तिच्या."

"व्हायचीय म्हनलं ना. आज न्हाय हालत पूजा. टेम्पोवाल्याला उद्या बोलवा."

टेम्पो गेला. हे पिशवी हातात धरून अंगणात उभेच. सासूबाई आत वळल्या आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुरणाला डाळ जास्त घाल. तो घरी जेवनार हाय."