साहेबांसाठी हिरवा बगिचा

डिसेंबरात संत्र्याचा बगिचा पाहायला येऊ नये. मी अमरावती शहरात, राजापेठेत वाढलेली, मला हे लग्नानंतर कळलं. शेंदूरजनाघाटच्या बाजूला आमच्याकडे तेव्हा बगिचे ताणावर असतात, म्हणजे झाडांचं पाणी मुद्दाम बंद केलेलं असतं. पानं वळतात, पिवळी पडतात, गळतात. नव्या माणसाला वाटतं, मेलीच झाडं. मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. ताण मधातच तोडला तर नुसती पालवी फुटते. फूल नाही तर संत्रा नाही, आणि संत्रा नाही तर आमच्या घरात वर्षभर काहीच नाही. नोकरी कोणाला नाही, दुसरं पीक नाही.

अन् पर्यटनासाठी गावं निवडणारे साहेब नेमके तेव्हाच येणार होते.

पर्यटनात म्हणे आता लोकसहभाग पाहिजे. गावांनी एकमेकांना धरून चालायचं. पाहुण्यांनी अकोटकडचा किल्ला पाहावा, मेळघाट फिरावा आणि शेवटी आमच्या बगिच्यात येऊन आमच्या हातचं जेवावं. अमरावतीच्या बैठकीला मीही गेले होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. गावात मंडळ झालं, शेजारचे बगिचेवाले त्याचे अध्यक्ष झाले, बायांनी स्वयंपाकाचा गट केला. आमचा बगिचा रस्त्याला लागून, म्हणून पाहणीसाठी तोच ठरला. आम्हाला विचारलं कोणी? मोबाइलवर निरोप आला, बस.

संध्याकाळी सगळे आमच्या ओट्यावर आले. अध्यक्ष म्हणाले, "काकाजी, पाणी सोडा. साहेबाले काय वाळलेलं रान दाखवता?"

माझे सासरे हळू बोलणारे. म्हणाले, "झाड उपाशी ठेवलं हाये बापा. आता मधातच जेवू घातलं तर माहं वर्ष जाते."

"अन् गावाचं नाव कटलं तर?"

माझं डोकं फिरलं. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, "ताण काय असतो ते साहेबांना आपणच सांगू ना. लोकसहभाग म्हणता, मग लोकांनी तोंड उघडायचं नाही का?"

"वहिनी, साहेब आयकाले नाई येत. पाहाले येतात."

"मग तुमचा बगिचा दाखवा."

"माहा आतमधी हाये. तिथं गाडी जात नाई."

सासरे तरीही ऐकत नव्हते. मग स्वयंपाकाच्या गटातली एक बाई, नवरा गेल्यापासून भाजी विकून पोरींना शिकवणारी, खालच्या आवाजात म्हणाली, "मामाजी, आमचं बी पाहा ना जरासं." बाकीच्या बाया मान खाली घालून बसल्या होत्या. तिला काय म्हणणार होते मी? सासऱ्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं आणि मोटर सुरू करायला गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

साहेब आले तेव्हा झाडं पोपटी झाली होती. पालवी इतकी कोवळी, की मलाच पाहवत नव्हती. साहेबांनी फोटो काढले, भरीत-भाकर खाल्ली, सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारली. गावाची निवड झाली. ओट्यावर पेढे वाटले, आमच्याच.

फेब्रुवारीत आजूबाजूचे सगळे बगिचे पांढरे झाले. आमच्या झाडांवर पानंच पानं. सासरे रोज पहाटे उठून फांद्या वाकवून पाहत, एखादी कळी तरी असेल म्हणून. मी घरातून पाहायची आणि मला रडू यायचं. कोणावर ओरडू तेही कळत नव्हतं.

त्यातच पाहुण्यांची पहिली गाडी आली, संत्र्याचा फुलोरा पाहायला. पाठवली आमच्याकडेच, कारण ठरलेला बगिचा आमचा. सासऱ्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मग बांधाबांधानं अध्यक्षांच्या बगिच्याकडे नेलं. मी मागून चालले होते. तिथं फुलांचा असा घमघमाट, की डोकं भणभणावं.

अध्यक्ष कुंपणाशीच उभे होते. म्हणाले, "काकाजी, राग मानू नका, पण आत नका आणू. लोकं फांद्या धरतात, फुलं झडतात. माहं वर्षाचं पीक हाये."

सासऱ्यांनी पाहुण्यांना तारेपाशीच थांबवलं. पाहुणे तारेच्या कुंपणाबाहेरून फोटो काढायला लागले. त्यांच्यातल्या एका बाईनं कौतुकानं विचारलं, "काका, तुमच्या झाडांना कधी येतात हो फुलं?"

"दरसाल येतात," सासरे म्हणाले. "यंदा तुमाले दाखवाले हिरवी ठेवली."

बाईंना ते फार आवडलं. त्यांनी मनापासून आभार मानले आणि सासऱ्यांनी हात जोडले.