बारडच्या वाटेवरच्या दोन जावा

काळ्या कातळावरून सायकल उतरू लागली की तो कातळ डोळ्यांच्या आधी मनगटांना कळतो. हँडलमधून एक खरखरीत कंप वर चढतो, कोपरापाशी क्षणभर घुटमळतो आणि थेट दातांपर्यंत जाऊन पोचतो. कधीकाळी पृथ्वीच्या उदरातून उसळलेला तप्त रस इथं थरावर थर साचत गेला, निवला, काळा पडला. आणि त्याच्या भेगाभेगांतून साग, ऐन, खैर, कुडा यांचं राखीव रान उभं राहिलं. बोर्डीच्या किनाऱ्यावरून पाहावं तर बारडचा डोंगर निळसर, सौम्य, एखाद्या वडीलधाऱ्यासारखा निवांत दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की त्याच्या अंगाखांद्यावर मऊ असं काही नाहीच. दुरून दिसणाऱ्या शांततेवर किती विश्वास ठेवावा, हे त्या डोंगरानं मला फार आधी सांगितलं होतं. मीच ते फक्त डोंगरापुरतं खरं मानलं.

त्या वाटेवर मला नेलं माझ्या धाकट्या जावेनं. मृणाल नाशिकची. २०१४ साली माझ्या दिराशी, हेमंतशी, लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा टेम्पोतून कपाटापाठोपाठ जाड टायरांची, गिअरची एक सायकलही उतरली. आमची घोलवडच्या बाजूला चिकूची वाडी, घर वाडीतच, दोघे भाऊ एकत्र. सायकल घरात यापूर्वीही होती, पण ती कामावरच्या माणसांची. सासूबाईंनी त्या धुडाकडे पाहून विचारलं, "ही कोण चालवणार?" मृणाल म्हणाली, "मी." तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, की परवानगीची याचनाही नव्हती. कुणी पाणी कोण पिणार विचारावं आणि तहानलेल्यानं सांगावं, तसं ते उत्तर होतं. मला ती त्या क्षणी आवडली.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. मुलगा शिकायला बाहेरगावी गेलेला, आणि दुपार ही फार लांबलचक गोष्ट असते हे नुकतंच ध्यानात येऊ लागलेलं. मृणालनं मला वाडीतल्या पायवाटेवर सायकल शिकवली. मी चिकूच्या बुंध्यांवर आपटले, गुडघे फोडून घेतले, आणि ती मागून ओरडत राहिली, "ताई, चाकाकडे नाही, जिथं जायचंय तिथं बघा." वर्षभरात माझ्यासाठीही तशीच सायकल आली. माझे यजमान, अविनाश, हसून म्हणाले, "दोघी मिळून कुठं पळून जाणार आहात?" घरात त्या गमतीला सगळेच हसले, आम्हीही.

मग दर रविवारी सकाळी आम्ही निघू लागलो. अस्वालीच्या धरणाची कड धरून पायथ्याच्या पाड्यापर्यंत, तिथून सागाच्या वाळल्या पानांचा चुरा तुडवत वर. पळस फुललेला असला तर रान पेटल्याचा भास होई. मोहाचा उग्र गोड वास घशात उतरे. शेवटच्या चढावर सायकल खांद्यावर घ्यावी लागे, आणि मग कातळात कोरलेली बहारोटची लेणी समोर येत. आक्रमणाच्या काळात पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी जिवापाड जपत या गुहांत आणून ठेवला होता, असं सांगतात. ज्या दगडाचा जन्मच आगीतून झाला, त्याच्याच कुशीत कुणी आपली आग लपवायला यावं, याचं मला फार नवल वाटे. कोणत्या माणसांनी त्या ज्वाळेसाठी रात्री जागवल्या असतील? बाहेरच्यांपासून जपणं सोपं असतं का आतल्यांपासून?

लेण्यातल्या गारव्यात बसून आम्ही डबा उघडत असू आणि घरात जे बोलता येत नव्हतं ते बोलत असू. तिला नोकरी करायची होती. मला गाणं सुटल्याचं दुःख होतं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जावा म्हणजे एका चुलीवर ठेवलेली दोन भांडी, वाजणारच, असं आमच्याकडे म्हणतात. आम्ही वाजलो नाही. इतकी वर्षं ज्या घरात मी राहिले, तिथं मला मैत्रीण मिळाली ती अशी, घरापासून दूर, डोंगराच्या पोटात.

तिथंच एका रविवारी तिनं मला सांगितलं की हेमंतला वेगळं व्हायचंय. वाडीचा आपला अर्धा भाग एका रिसॉर्टवाल्याला विकायचा आणि नाशिकला धंदा टाकायचा, असं त्याचं ठरत आलं होतं. तिला ते नको होतं, पण तिचं ऐकणार कोण? "ताई, घरी बोलू नका. मी त्यांना समजावतेय. कदाचित होणारही नाही." मी बोलले नाही. तिच्या शब्दाखातर आणि त्या जागेखातरही. जिथं माणसांनी आपलं सर्वांत मोलाचं काही लपवलं होतं, तिथं ऐकलेलं खाली नेऊन सांडायचं, हे मला जमलं नसतं.

पण गोष्टी आपल्या वाटेनं खाली येतातच. २०१८च्या सुरुवातीला एके सकाळी मोजणीची माणसं साखळी घेऊन वाडीत उभी राहिली आणि अविनाशना सगळं तेव्हा कळलं. भावाभावांत जे झालं ते सांगत नाही. कुणाच्याही घरात असंच होतं. दुपारी अविनाशनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी गप्प राहिले, आणि त्यांना उत्तर मिळालं. संध्याकाळी त्यांनी ते हेमंतच्या तोंडावर फेकलं: "तुझ्या बायकोनं हिला केव्हाच सांगितलं होतं." हेमंत मृणालकडे वळला. सासूबाई, आम्ही चौघं, सगळे माजघरात उभे होतो.

"तू सांगितलंस?"

मला वाटलं, ती "हो" म्हणेल, जशी त्या पहिल्या दिवशी "मी" म्हणाली होती. ती म्हणाली, "ताईंनीच माझ्याकडून काढून घेतलं. त्यासाठीच तर मला डोंगरावर न्यायच्या."

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हेमंत म्हणाला, "वाटलंच होतं मला." आणि अविनाश, ज्यांना डोंगरावर कोण कुणाला नेत होतं ते ठाऊक होतं, तेही काही बोलले नाहीत, कारण मी त्यांच्यापासून लपवलं याचा राग त्यांना खऱ्या-खोट्यापेक्षा मोठा होता. एका वाक्यात मी दोघाही भावांच्या नजरेतून उतरले, आणि ती एकटी वर चढली.

महिनाभरात वाडीच्या मधोमध काटेरी तारेचं कुंपण आलं. हेमंत आणि मृणाल घराच्या मागच्या भागात वेगळं राहू लागले. रिसॉर्टवाला कागदपत्रांसाठी येत-जात होता. मी रविवार सोडला, पण डोंगर सोडला नाही. बुधवारी एकटी जाऊ लागले. पायथ्याच्या पाड्यावर एक म्हातारी नेहमी आम्हांला पाणी देई. तिनं विचारलं, "दुसरी बाय नाय आली?" मी म्हटलं, "तिला काम आहे." त्यानंतर तिनं पुष्कळदा विचारलं आणि मी पुष्कळदा तेच सांगितलं. एकटीनं चढताना मला उमगलं की वाट तीच राहते, पण तिची लांबी बदलते. अपमान घेऊन चढणं हे सायकल खांद्यावर घेऊन चढण्यापेक्षा जड असतं, कारण तो कुठं टेकून ठेवता येत नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस जमीन हलू लागली. डहाणू-तलासरीच्या गावागावांत धक्के बसत होते, झरीकडची, तलासरीकडची माणसं थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत होती. अविनाश म्हणाले, "आता डोंगर बंद." तरीही एका बुधवारी मी गेले. लेण्यात शिरले तर आतल्या पाण्याच्या टाक्याजवळ मृणाल उभी होती, सायकल हाताशी. म्हणजे तीही एकटी येत होती. दोघींनाही परतणं शक्य नव्हतं, आणि बोलणंही.

तेवढ्यात जमिनीच्या पोटातून जड ट्रक गेल्यासारखी घरघर आली. छतावरून माती झरली, टाक्यातलं पाणी थरथरलं. "भिंतीपासून लांब या, ताई!" तिनं माझं मनगट धरून मला बाहेर ओढलं. उघड्यावर आम्ही एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिलो. घरघर थांबली. पाखरांचा कलकलाट निवला. तरी तिनं हात सोडला नव्हता.

"मला ते बोलावं लागलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"त्यांनी मला माहेरी पाठवलं असतं."

"तेही माहीत आहे." मी तिच्याकडे पाहिलं. मला राग नव्हता, निदान त्या घटकेला नव्हता. मला फक्त एक गोष्ट हवी होती. "मृणाल, हे तू खाली म्हणशील? त्याच माजघरात, सगळ्यांसमोर?"

तिनं समुद्राच्या दिशेला तोंड फिरवलं. मग तिनं मान हलवली. "नाही, ताई."

निदान ते खोटं नव्हतं. तिनं हात सोडला, सायकल उचलली आणि दुसऱ्या सोंडेनं उतरून गेली. मी बराच वेळ तिथं बसले. दोन माणसांना जवळ आणायला धरणीकंप पुरतो. जवळ ठेवायला एक खरं वाक्य लागतं, आणि ते अधिक दुर्मिळ असतं.

धक्क्यांच्या बातम्यांनी रिसॉर्टवाला घाबरला. हलत्या जमिनीवर कोण बांधकाम करणार? त्यानं माघार घेतली. कुंपण मात्र उभं राहिलं. मग पावसाळ्याच्या तोंडावर वाडीतला ट्रान्सफॉर्मर जळाला, दोन्हीकडचे पंप बंद पडले, आणि दोघा भावांना तक्रारीसाठी एकत्र जावं लागलं. सकाळी तोंडं फिरवून गेलेले ते दोघे दुपारी एकाच मोटरसायकलवरून, वडापाव खाऊन, हसत परत आले. दीडेक वर्षाचं वैर एवढ्यात सरलं. त्या रविवारी सासूबाईंनी सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं. म्हणजे पुरुषांना बसवलं. आम्ही दोघी वाढत होतो.

हेमंत ताटावरून मान वर करून म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही दोघी पुन्हा जात जा डोंगरावर. आमची काही हरकत नाही."

अविनाशनी त्याला दुजोरा दिला. "बायकांच्याच मनात राहतं बघ हे सगळं. आम्ही तर विसरलोसुद्धा."

मृणालच्या हातातला आमटीचा डाव क्षणभर भांड्यावर थबकला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नसावं. विसरले असतीलच ते. वाडी जागच्या जागी होती, भाऊ भावाला मिळाला होता. त्यांचं काही गेलंच नव्हतं, मग विसरायला कितीसा वेळ लागणार? हेमंतनं भात मागितला. मी तो वाढला, आणि त्यावर मृणालनं आमटी घातली.