मौनात वाजलेली जाहिरात

भूकंपात आमचं दगडमातीचं घर बसलं तेव्हा मी तिसरीत होते. धाकटा भाऊ गेला. वडिलांच्या पायावर भिंत आली. पाय वाचला, पण औतामागं चालणं संपलं. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की आई दुपारी वरती ओली गोणपाटं टाकायची, आणि ती वाळली की पुन्हा भिजवायची.

खायला काय मिळायचं ते विसरले, पण ऐकायला काय मिळायचं ते पक्कं ध्यानात आहे. भाषणं. गाड्या यायच्या, आम्हाला शेडांपुढं ओळीनं बसवायचे, कुणीतरी उतरून बोलायचं आणि धुरळा उडवत गाड्या जायच्या. एकदा एक पाहुणे म्हणाले, इथली माती फार चिवट आहे. आई शेजारणीला म्हणाली, "मातीच तर पडली अंगावर." गावाला कुणी विचारलं नाही की तुम्हाला काही बोलायचं आहे का. इतकी वर्षं झाली, माझा तो राग गेलेला नाही, आणि घालवायची मला गरजही वाटत नाही.

वडिलांना घेऊन आई लातूरला आली. शहरात क्लासचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, खोलीखोलीत बाहेरगावची पोरं. आई त्यांचे डबे करायची, मी सायकलवरून पोचवायची. ती पोरं डॉक्टर व्हायला आली होती, मी त्यांच्या डब्यांवर बी.ए. झाले. मग नांदेडला मामाकडं राहून एम.ए. केलं. तिथं वर्गात माझ्या तोंडून 'न्हाई' गेलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. पिकू दे म्हटलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणारच.

तोवर आई-वडील गावी परतले होते, नव्या गावठाणात. तालुक्याला एका संस्थेनं सामुदायिक रेडिओ सुरू केला आणि मला तिथं काम मिळालं. दर गुरुवारी संध्याकाळी व्याख्यान असायचं, आणि वक्ते आणायचं काम माझ्याकडं होतं. विषय गावचे आणि जगाचे. पाझर तलावात पाणी का टिकत नाही इथपासून परदेशात सोयाबीन जास्त झालं की आपल्या बाजारात भाव का पडतो इथपर्यंत. एकदा दूरच्या देशात भूकंप झाला. त्यावर नांदेडच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं, तर आमच्या गावातून फोन आला : "त्यास्नी बी पत्र्याचेच शेड दिलेत का, तेवढं इचारा."

आमच्या गावात हे व्याख्यान सगळे मिळून ऐकायचे. जुन्या गावात एका ओसरीवरचं बोलणं दुसऱ्या ओसरीवर जायचं. नव्या गावात घरं अशी लांब लांब, रांगेत, की हाक मारली तर कुत्रं येतं, माणूस येत नाही. म्हणून आमचे शिंपी चाचा गुरुवारी मशीन बंद करून आपला रेडिओ ग्रामपंचायतीत न्यायचे आणि दवंडीच्या माइकसमोर ठेवायचे. भोंग्यावर अख्खं गाव ऐकायचं. बाकीच्या नव्या गावांतही हीच रीत पडली होती.

त्या वर्षी भूकंपाचा स्मृतिदिन गुरुवारीच आला. दरवर्षी रेडिओ केंद्राचे प्रमुख, आमचे सर, बाहेरचा वक्ता बोलवायचे. मी म्हटलं, यंदा मी बोलते. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आभार माना की. वक्ता जरा नाव असलेला पाहिजे."

"सर, ज्यांचं नाव आहे त्यांच्या घरातलं कुणी गेलं का?"

सरांनी पुढ्यातली फाईल उघडली. तो मी होकार धरला.

आमच्या गावच्या मौनाची एक रीत आहे. त्याला घड्याळ नाही. ज्या घरांतली माणसं गेली त्यांतली सगळ्यांत थोरली बाई 'उभं राहा' म्हणते आणि ती खाली बसली की मौन संपतं. आधीची थोरली म्हातारी वारल्यापासून हा मान आईकडं आला होता. कधी ती लवकर बसते, कधी शेळ्या ओरडून थकतात तरी उभी असते. हे मौन रेडिओवर जसंच्या तसं जावं, एवढंच माझं म्हणणं होतं. मी सरांना आधी सांगितलं. चाचांशी ठरवलं की आई बसली की त्यांनी मिस कॉल द्यायचा, मग मी पुढं बोलेन.

व्याख्यान बरं चाललं होतं. मी माझ्याच बोलीत बोलत होते. मग म्हटलं, आता आपण उभे राहू. स्टुडिओत मी एकटी उभी. फोन टेबलावर, आवाज बंद. थोड्याच वेळात फोनवर चाचांचं नाव उजळलं. मनात आलं, आई यंदा लवकर बसली, थकली असेल. मी म्हटलं, "बसा," आणि पुढं बोलू लागले.

रात्रीच्या शेवटच्या एसटीनं गावी गेले. छाती फुगलेली. वाटलं, पारावर कुणीतरी हात वर करील. कुणी मान वर केली नाही. चाचा दुकानात काज करत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेटी, भाषण चांगलं बोललीस. पर मौनाच्या मधी ते डॉक्टरकीचं दुकान कायको लावलीस?"

"कुठलं दुकान, चाचा?"

"अख्खं गाव खाली मान घालून उभं, आन् भोंग्यात बाई वरडायली, डॉक्टर व्हायचंय तर थांबू नका, आजच प्रवेश घ्या. मैं घाबरून तुला फोन लावला. तू उचलली न्हाईस. उलटं म्हणलीस, बसा."

मग मला कळलं. रेडिओच्या यंत्राला आवाज थांबलेला चालत नाही. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही की ते बिघाड समजतं आणि साठवलेली जाहिरात आपोआप सोडतं. ते बंद करायची कळ आहे. ती कुणी दाबली नव्हती. माइक चालू असताना स्टुडिओतला स्पीकर बंद असतो, म्हणून मला ऐकू आलं नाही. आणि चाचांचा फोन मी ठरलेली खूण समजले होते.

पण गावाला काय, गावानं जे ऐकलं ते ऐकलं. ओट्यावरचा एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "शिकली आन् पैल्यांदा आपल्यालाच इकली."

घरी आई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तू केलं न्हाईस, मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर तू बसा म्हणलीस तवा मी बसले न्हाई. लोक बसले, मी घरला आले. माझं ते मौन संपलं न्हाई अजून."

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढं उभी राहिले. म्हटलं, केंद्राची चूक झाली, हे तुम्ही तुमच्या तोंडानं रेडिओवर सांगा आणि ते मौन पुन्हा होऊ द्या.

"मॅडम, यंत्राची चूक. माफी मागून विषय कशाला वाढवायचा?"

"यंत्राला माफी मागता येत न्हाई, सर."

"आणि क्लासवाले आपले जाहिरातदार आहेत. तुमच्या घरची चूलसुद्धा क्लासच्या पोरांवरच पेटली ना?"

"चूल माझ्या आईनं पेटवली. पोरं जेवून गेली."

सर हसले. म्हणाले, पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रण करू आणि मौनाची जागा कापून टाकू, म्हणजे घोळच नको. ज्यांच्यावर भिंती पडल्या त्यांच्या वाट्याला वर्षातून एकदा येणारी शांतता, तीही यांना कापायची होती. शिवाय म्हणाले, पुढचा गुरुवार क्लासच्या संचालकांना देतो, करिअर मार्गदर्शन होईल, श्रोते आपले आहेतच.

मी गावी जाऊन चाचांना हे सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, "श्रोते इनके बाप के नौकर हैं क्या?" आणि पुढच्या गुरुवारी रेडिओ ग्रामपंचायतीत नेलाच नाही. शेजारच्या नव्या गावांनाही त्यांनी निरोप धाडला. संचालकांचं मार्गदर्शन झालं आणि एकाही गावात भोंगा वाजला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. क्लासचा माणूस मोटारसायकलवर गावं फिरून गेला, कारण जाहिरात ऐकून येणारी चौकशी थांबली होती.

सरांनी मला बोलावलं. "तुमच्याकडं रेडिओ बंद आहे का? काय बिघाड?"

"बिघाड न्हाई, सर. मौन चालू आहे. आमची आई अजून बसली न्हाई."

क्लासवाले जाहिरात काढून घेतील, ही धास्ती सरांना होतीच. त्यांनी विचारलं, "त्यांना इथं आणता येईल का?"

त्या गुरुवारी चाचा आईला घेऊन आले. आई आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत आली. भिंतींना लावलेला मऊ फोम बोटानं दाबून म्हणाली, "ही भिंत पडली तर लागायची न्हाई." सरांनी माइकसमोर स्वतःच्या आवाजात सांगितलं की त्या दिवशी मौनात जाहिरात गेली ती केंद्राच्या निष्काळजीपणामुळं, मॅडमचा त्यात काही संबंध नाही. मग ते स्वतः यंत्राजवळ गेले आणि कळ दाबून तिथंच उभे राहिले. आई म्हणाली, "उभं राहा."

गावी भोंगा लावलेला होता. लोक सांगतात, त्यातून नुसती हलकी खरखर येत होती आणि पोरंसुद्धा हलली नाहीत. स्टुडिओत आई माझ्यासमोर उभी होती, डोळे उघडे, नजर त्या मऊ भिंतीवर. कुठं बघत होती ते मी विचारलं नाही. मग ती खुर्चीचा हात धरून खाली बसली.

गुरुवारच्या तासात त्यानंतर जाहिरात लागत नाही. स्मृतिदिनाला आमचं मौन रेडिओवरून पूर्ण जातं, आणि ते आई संपवते.