बोथट वस्तरा

तुमच्या आजोबांचा उजवा हात लुळा पडल्यापासून त्यांची दाढी मीच करते, त्यांच्या जुन्या वस्तऱ्याने. कापेल या भीतीने मी तो चामड्याच्या पट्ट्यावर कधी घासलाच नाही. काल त्यांचे गाल लालबुंद दिसले. तुरटी फिरवताच डोळ्यांत पाणी आलं.

"धार लाव गं," ते म्हणाले. "बोथट पातं कापत नाही, सोलतं."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुझा हात थरथरत होता."

आज धार लावली. वस्तरा गालावरून अलगद उतरला, पण मला बरं वाटलं नाही. फोनवर तुम्हालाही मी असंच जपून, थोडं थोडं सांगत आले आहे. आता सरळ लिहिते. आजोबा या दुखण्यातून उठणार नाहीत. याच महिन्यात भेटून जा.